डोमचा तंबू उभा राहतो, पण गोल असतो म्हणून नाही

परवा एक रील समोर आली. तळ्यावर धुकं, काठावर पांढरा गोल तंबू, आत पलंग आणि दिवे, आणि खाली मजकूर असा की गोल आकारामुळे हा डोम कुठल्याही वादळात अभेद्य असतो आणि घुमटामध्ये वैश्विक ऊर्जा एकवटत असल्याने झोप गाढ लागते. ग्लॅम्पिंग म्हणजे ग्लॅमर अधिक कॅम्पिंग, तंबूत राहायचं पण गादीवर झोपायचं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण एवढ्याशा मजकुरात दोन थापा म्हणजे जरा जास्तच झालं. ऊर्जेवर शेवटी येतो. आधी ते 'गोल म्हणून मजबूत'.

मुळात हा डोम गोल नसतोच. जवळ जाऊन बघा, एकही दांडा वाकलेला नाही, सगळे सरळ पाईप आहेत आणि त्यांचे त्रिकोण केलेले आहेत. खेळ सगळा त्रिकोणाचा. चार पट्ट्यांची चौकट खिळ्यांनी जोडून हाताने दाबली की ती तिरकी होते, डुगडुगणारं स्टूल असतं ना तसंच, म्हणून तर सुतार त्याला कोपऱ्यात तिरकी पट्टी ठोकतो, म्हणजे नकळत त्रिकोण करतो. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की कोन आपोआप ठरतात, हलायला जागाच उरत नाही. इथपर्यंत शाळेतलं.

आता प्रश्न असा की सगळे सारखे समभुज त्रिकोण जोडत गेलो तर गोळा होईल का? एका बिंदूभोवती सहा समभुज त्रिकोण ठेवले की ६ गुणिले ६० म्हणजे बरोबर ३६० अंश होतात, आणि आपल्याला मिळते सपाट फरशी. फरशी हवी असेल तर छान आहे, पण घुमट हवाय! पाच ठेवले तर ३०० अंश, ६० अंशांची फट राहते, ती ओढून मिटवली की टोपीसारखा फुगवटा येतो. प्रत्येक बिंदूला पाचच ठेवत गेलं की वीस त्रिकोणांचा, बारा टोकांचा एक बंद ठोकळा तयार होतो. तो तसा गोल, पण ओबडधोबड. म्हणून मग त्याच्या प्रत्येक त्रिकोणाचे चार लहान त्रिकोण करायचे आणि नवे बिंदू बाहेर ढकलून गोलाच्या पृष्ठभागावर आणायचे. झाला जिओडेसिक गोळा. गोलावरच्या दोन ठिकाणांमधल्या सगळ्यात जवळच्या वाटेला जिओडेसिक म्हणतात, लांब पल्ल्याची विमानं साधारण तशाच वाटेने जातात म्हणून नकाशावर त्यांचा मार्ग वाकडा दिसतो.

या नव्या गोळ्यात बहुतेक सांध्यांवर सहा दांडे येतात, पण काही ठिकाणी पाचच. किती ठिकाणी? बारा. त्रिकोण अजून बारीक करा, हजार करा, लाख करा, पाच दांड्यांचे सांधे बाराच राहतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागदावर चार वेळा तपासून बघितलं होतं, कारण पटतच नव्हतं.

याचं कारण ऑयलरच्या सूत्रात आहे, जे आपण शाळेत पाठ केलं आणि विसरलो: आरपार भोक नसलेल्या कुठल्याही बंद ठोकळ्यात शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर २. आता सगळी पृष्ठं त्रिकोणी असतील तर प्रत्येक त्रिकोणाला ३ कडा आणि प्रत्येक कड दोन त्रिकोणांत वाटलेली, म्हणजे पृष्ठांची तिप्पट बरोबर कडांची दुप्पट. हे वरच्या सूत्रात घातलं की येतं, कडा = ३ × शिरोबिंदू − ६. हे समीकरण जरा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे. आता याचीच दुप्पट करून उलटं मांडा, शिरोबिंदूंची सहापट वजा कडांची दुप्पट बरोबर १२. कडांची दुप्पट म्हणजे काय, तर सगळ्या सांध्यांवर येणाऱ्या दांड्यांची बेरीज, कारण प्रत्येक दांड्याला दोन टोकं असतात. म्हणजे प्रत्येक सांध्यावर सहापेक्षा जितके दांडे कमी आहेत ती सगळी तूट गोळा केली की १२ भरते. सांधे फक्त पाचचे आणि सहाचे असतील तर पाचचे १२ च हवेत. जुन्या काळ्यापांढऱ्या फुटबॉलवर काळे पंचकोन १२ च का असतात त्याचंही उत्तर हेच. आणि १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना कार्बनच्या ६० अणूंचा जो रेणू सापडला त्याच्यातही १२ पंचकोन आणि २० षटकोन आहेत. त्याचं नाव बकमिन्स्टरफुलरीन ठेवलं ते हे डोम गाजवणाऱ्या बकमिन्स्टर फुलरवरूनच, आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेलही या शोधालाच मिळालं.

कंटाळला असाल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या, पण माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. १८६४ मध्ये मॅक्सवेलने, तोच विद्युतचुंबकीय लहरींवाला, एक हिशोब मांडला. हवेत सुटा असलेला सांधा तीन प्रकारे हलू शकतो, वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे. प्रत्येक दांडा यातली एक हालचाल बंद करतो. पूर्ण सांगाडा उचलून सरकवण्याच्या तीन आणि फिरवण्याच्या तीन अशा सहा हालचाली सोडून दिल्या, तर सांगाडा आपला आकार बदलू नये म्हणून किमान किती दांडे हवेत? ३ × सांधे − ६. ओळखीचं वाटतं? ऑयलरच्या सूत्रातून निघालेलं समीकरण तेच आहे! एक माणूस आकार मोजत होता, दुसरा पूल आणि कैच्यांचा विचार करत होता, आणि त्रिकोणांच्या बंद गोळ्यात दोघांचं उत्तर तंतोतंत एक येतं. म्हणजे अशा गोळ्यात एकही दांडा फुकट नाही आणि एकही कमी नाही. (नुसती संख्या जुळली म्हणून सांगाडा पक्का झाला असं गणित म्हणत नाही, पण बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न दबलेल्या, ठोकळ्यांची पृष्ठं ताठ असली की ते हलत नाहीत हे कोशी या फ्रेंच गणितज्ञाने १८१३ मध्येच दाखवलं होतं.)

पण तंबू म्हणजे अख्खा गोळा नाही, अर्धा. वर सांगितला त्या साध्या प्रकाराचा अर्धगोल घेतला तर त्यात ६५ दांडे आणि २६ सांधे येतात. मॅक्सवेलप्रमाणे हवेत ७२, आहेत ६५. सात कमी! म्हणजे नुसता जमिनीवर ठेवलेला डोम तत्त्वतः डुगडुगणारा आहे, सांध्यांचे बोल्ट घट्ट असल्यामुळे थोडा ताठपणा येतो तेवढाच. आता कडेचे १० सांधे जमिनीला पक्के करा. तळाचे १० दांडे हिशोबातून गेले, राहिले ५५. सुटे सांधे १६, त्यांच्या हालचाली ४८. आता उलट सात जास्त झाले. सातची तूट गेली आणि सातची शिल्लक आली, ती फक्त पाया बांधल्यामुळे.

म्हणून रीलमधलं ते 'कुठल्याही वादळात' वाचून कपाळावर हात मारावासा वाटतो. तळ्याकाठी आणि नदीकाठी वारा अडवायला काही नसतं आणि जमीन ओली किंवा रेताड, खुंटी सहज सैल होते. त्यात घुमटावरून वारा जाताना वरच्या भागात हवेचा दाब कमी होऊन तंबू वर ओढला जातो. चौकोनी भिंतीपेक्षा गोलसर आकार वाऱ्याला कमी अडवतो हे खरं, पण हलका डोम दाबून पडण्याऐवजी उचलला जाण्याची भीती जास्त असते. म्हणून शहाणी माणसं आधी लाकडी किंवा लोखंडी डेक नीट रोवतात आणि तळाचे सांधे त्यालाच बोल्टने आवळतात.

फुलर स्वतः यात एकदा तोंडावर आपटला आहे. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन माणसाने १९४८ मध्ये ब्लॅक माउंटन कॉलेजात विद्यार्थ्यांना घेऊन पातळ धातूच्या पट्ट्यांचा पहिला मोठा डोम उभा करायला घेतला आणि तो उभाच राहिला नाही, जमिनीवर पसरून राहिला, गणित बरोबर आणि पट्ट्या मात्र मऊ. पुढच्या वर्षी जमलं, १९५४ मध्ये पेटंट मिळालं आणि नाव त्याचंच झालं. खरं तर जर्मनीत येना इथे वाल्टर बाउअर्सफेल्डने झाइस कंपनीच्या छतावर तारांगणासाठी लोखंडी सळ्यांचा १६ मीटरचा असाच घुमट १९२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच उभा केला होता. फुलरचा सगळ्यात गाजलेला डोम माँट्रियलचा, १९६७ च्या जागतिक प्रदर्शनातला, ७६ मीटर व्यासाचा. १९७६ मध्ये त्याला आग लागली, वरचं ॲक्रिलिकचं आवरण जळून गेलं, पोलादी सांगाडा मात्र तसाच उभा राहिला आणि अजून आहे.

बरं, आता आत झोपणाऱ्याचं बघू. सहा मीटर व्यासाच्या अर्धगोलाचं आवरण साधारण ५६ चौरस मीटर भरतं. तेवढीच जमीन आणि आत तेवढीच हवा असलेली चौकोनी खोली केली तर भिंती आणि छत मिळून ७१ च्या आसपास. कापड कमी, उष्णता जायला वाटही कमी. पण एक पदरी कापडाचा डोम असेल तर पहाटे नाकावर थेंब पडतो आणि आपल्याला वाटतं छत गळतंय. गळत काही नाही. दोन माणसं आठ तासांत श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरच्या वर पाणी हवेत सोडतात. २० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते, १० अंशांची जेमतेम ९. निरभ्र रात्री कापड आकाशाकडे उष्णता फेकत बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं आणि आपलीच वाफ त्यावर पाणी होऊन बसते. बाजूला उतार जास्त म्हणून तिथलं पाणी खाली ओघळतं, माथ्यावर उतार जवळपास नाही म्हणून तिथून थेंब थेट खाली, आणि पलंग नेमका मधोमध ठेवलेला.

लोक मग बाहेर धुकं आहे म्हणून सगळं गच्च बंद करून घेतात, हे अगदी उलटं. बाहेरची १० अंशांची हवा धुक्याने भरलेली असली तरी तिच्यात वाफ ९ ग्रॅमच्या आसपासच आहे, ती आत येऊन २० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर येते (धुक्याचे थेंब थोडी भर घालतील, पण फार नाही). खालची आणि वरची, दोन्ही झडपा थोड्या उघड्या ठेवायच्या, गरम हवा वरून जाते आणि गार खालून येते.

राहिली ती वैश्विक ऊर्जा. घुमटात एक गोष्ट खरंच केंद्रात एकवटते, ती म्हणजे आवाज. अर्धगोलाचा मध्यबिंदू जमिनीवर असतो. तिथे डोकं टेकून काही बोललात तर आवाज सगळीकडे ३ मीटर जातो, ३ मीटर परत येतो, आणि सगळ्या बाजूंनी एकाच वेळी, साधारण १७ मिलिसेकंदांनी तुमच्याच कानाशी पोचतो. कापडी डोममध्ये बराचसा बाहेर निघून जातो, कडक पॅनेलच्या डोममध्ये मात्र चांगलं जाणवतं, आपलाच आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. हा अनुभव घेऊन कोणी 'कंपनं' म्हणत असेल तर शब्द चुकीचा नाही, फक्त ती विश्वातून आलेली नाहीत, शेजारी घोरणाऱ्याची आहेत.

सुवर्ण गुणोत्तराचंही (साधारण १.६१८) असंच. ते शंखात आहे, चेहऱ्यात आहे, सगळीकडे आहे असं लोक ठोकून देतात, पण या साध्या डोममध्ये ते खरोखर आहे. फक्त दोन मापांचे दांडे लागतात, ३० आखूड आणि ३५ लांब. आखूड त्रिज्येच्या ०.५४७ पट, लांब ०.६१८ पट, आणि हे ०.६१८ म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा व्यस्त, अगदी नेमका. ३ मीटर त्रिज्येला १.६४ आणि १.८५ मीटर होतात. आखूड ३० च का? कारण ते फक्त पाचच्या सांध्यांना लागतात, आणि अर्ध्या गोळ्यात असे सांधे सहा.

कधी अशा डोममध्ये झोपायची वेळ आली आणि सांगाडा आतून दिसत असेल तर आडवे पडून बघा, एक पाचचा सांधा बरोबर माथ्यावर असतो, उरलेले पाच त्याच्याभोवती.