श्वासमिश्रित स्वर (जॅझ ट्रम्पेट)

श्वासमिश्रित स्वर : ट्रम्पेटच्या स्वरालगत वादकाची फुंकही ऐकू यावी अशा बेताने काढलेला मऊ, मंद आवाज. वादक आपसांत त्याला ‘एअरी टोन’ किंवा सरळ ‘हवेचा टोन’ म्हणतात. लग्नाचा बँड, लष्करी बिगूल आणि नाटक-सिनेमातली राजाची स्वारी यांच्यामुळे ट्रम्पेट म्हटले की आपल्याला खणखणाट आठवतो. हा स्वर त्याच वाद्याचा असला तरी दुसऱ्या टोकाचा आहे. कोणीतरी कानाशी येऊन हलक्या आवाजात बोलावे, तसा तो लागतो.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहून ट्रम्पेट शिकणारे पुष्कळ जण या स्वराकडे वळतात ते शेजाऱ्यांच्या भीतीने, आणि पहिला घोळ तिथेच होतो. हळू वाजवणे वेगळे आणि हवेचा टोन काढणे वेगळे. त्यातला फरक समजायला वाद्य कसे वाजते ते थोडे पाहावे लागते. सनईला पत्ती असते. ट्रम्पेटमध्ये ते काम ओठ करतात. माउथपीसमध्ये ओठ मिटून फुंक मारली की ते भराभर उघडमीट करू लागतात आणि साधारण दीड मीटर लांबीच्या नळीतली हवा थरथरते. जोराने वाजवले तर नळीतल्या दाबलहरी पुढे सरकता सरकता तीव्र चढाच्या होतात, वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर वाजणारे उंच, बारीक स्वर) उसळतात आणि पितळेची ती ओळखीची चरचर येते. हळू वाजवले की वरचे स्वरांश झडतात, आवाज गोल आणि गडद होतो. इथपर्यंत तो नुसता हळू आवाज. ओठ दर फेरीत पुरते मिटायचे थांबले, मध्ये केसाएवढी फट राहिली, की काही हवा न थरथरताच निसटते. तिची सळसळ झाकायला वरचे स्वरांश उरलेले नसतात, म्हणून ती ऐकू येते.

म्हणजे कमी करायची असते ती ओठांची आवळ. फुंक वाहती ठेवायची. नवशिका नेमके उलटे करतो. भिंतीपलीकडून कोणी ठोकेल या धास्तीने तो श्वास रोखतो, ओठ घट्ट धरतो, माउथपीस दातांवर दाबतो आणि चिमटा काढल्यासारखा चढा आवाज बाहेर पडतो. बशीतला चहा निववताना ओठांचा चंबू करून मारतो ती फुंक गार आणि टोकदार असते. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर सोडतो ती ऊबदार आणि रुंद. इथे हवी ती दुसरी. घसा उघडा, दातांमध्ये बोटभर अंतर, ओठांचे कोपरे जागच्या जागी पण मधला भाग सैल. हे सांगायला दोन ओळी लागतात, अंगी बाणायला काही महिने.

बँडमधल्या जुन्या वादकांना मात्र हा स्वर म्हणजे दोष वाटतो. ‘हवा मारतोय’ हा तिथला टोमणा आहे, आणि तो चुकीचा नाही. शिकाऊ मुलाचे ओठ नीट मिटत नाहीत तेव्हाही अशीच सळसळ येते. दोष आणि तंत्र यांतली रेघ एका कसोटीने आखता येते : एका दमात तोच स्वर आधी स्वच्छ, मग हवा मिसळून, मग पुन्हा स्वच्छ लावता आला, तर ते तंत्र. हवा काढून टाकता येत नसेल, तर तो दोषच. म्हणून भरीव, स्वच्छ स्वर लागण्याआधी हा टोन शिकवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ध्वनिमुद्रणे ऐकून थेट इथून सुरुवात करणाऱ्यांची मजल पहिल्या सप्तकापुढे क्वचितच जाते.

रियाजाचा पाया म्हणजे एकच स्वर, अगदी हळू, दीर्घ काळ. सर्वसाधारण ट्रम्पेट बी-फ्लॅटचे असते, म्हणजे त्याचा ‘सी’ हा पेटीवरची काळी पाच. एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची झडप) न दाबता, नुसत्या ओठांवर सा, प, वरचा सा, ग, प असे स्वर मिळतात. त्यातला पहिला पंचम, वादकाच्या भाषेत दुसऱ्या रेषेवरचा ‘जी’, हा या रियाजाचा स्वर. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात आभाळाला भिडणाऱ्या तार स्वरांसाठी गाजलेला कॅट अँडरसन (१९१६–८१) हाच ‘जी’ शक्य तितक्या हळू, मध्ये श्वास घेत, वीस मिनिटे धरायला सांगे. सगळ्यांत कर्कश वाजवू शकणाऱ्या माणसाची तालीम सगळ्यांत हळू असावी, यात विसंगती दिसते. पण ओठांना कमीत कमी हवेत थरथरायची सवय लागली की वर आणि खाली दोन्हीकडची वाट सुकर होते. कॉर्नेटवादक हर्बर्ट क्लार्क याच्या १९१२ च्या तांत्रिक पाठांतही भर आहे तो हळू आणि एका दमात वाजवण्यावरच.

मराठी घरात यासाठी एक आयती सोय आहे : तानपुरा. मोबाइलवरचा चालतो. तो काळी पाचला लावावा आणि पंचम धरावा. ओठ सैलावले की स्वर उतरतो, हळू वाजवण्याच्या नादात आवळले की चढतो, आणि तानपुरा दोन्ही चोऱ्या लगेच पकडतो. ट्यूनरचा काटा बघत बसण्यापेक्षा हे बरे, कारण काटा डोळ्यांना सांगतो आणि चूक कानाची असते.

कुठे बसून वाजवावे? पहाटे ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठी जाऊन वाजवायची कल्पना रम्य आहे, पण या स्वरासाठी मोकळी जागा वाईट. आवाज परत येत नाही, मग आपोआप जोर वाढतो आणि सगळा बेत फसतो. त्यापेक्षा कपड्यांनी भरलेले कपाट उघडावे आणि बेल, म्हणजे वाद्याचे रुंद तोंड, लटकत्या साड्या-शर्टांपासून वीतभर अंतरावर धरून बसावे. कपडे तिखटपणा पिऊन टाकतात. जीभ न लावता नुसते ‘हू’ म्हणत फुंक सोडावी. पहिला क्षणभर फक्त हवा जाते; मग त्या हवेत स्वर उगवतो, कुठून सुरू झाला ते नेमके सांगता येत नाही. शेवटी उलट क्रम : स्वर विरतो, हवा उरते, मग तीही थांबते. स्वर उगवण्याची ही जागा दहा वेळा एकसारखी आली की त्या दिवसाचे काम झाले. प्रत्यक्ष गत वाजवताना दर स्वर ‘हू’ने सुरू करता येत नाही, जीभ लागतेच. इंग्रजी पुस्तकांत यासाठी जे अक्षर सुचवलेले असते ते आपली मुले बहुधा ‘डू’ असे वाचतात. मराठीतला ‘ड’ जीभ मागे वळवून टाळूवर आपटतो आणि स्वराच्या डोक्यावर टपली बसते. आपला दंत्य ‘द’ इथे चपखल : ‘दू’, आणि त्याहून मऊ हवे तर ‘नू’.

वाद्य बदलूनही बराच फरक पडतो. माउथपीसची वाटी खोल असेल तर आवाज गडद होतो, उथळ असेल तर चमकदार. बाक कंपनीच्या क्रमांकांत आकडा जितका लहान तितकी वाटी रुंद, आणि अक्षर ‘ए’कडे जाईल तितकी खोल. नव्या वाद्याबरोबर बहुधा ‘सात सी’ येतो. तो टाकून देण्याची घाई करू नये. फ्लूगलहॉर्न हे ट्रम्पेटच्याच पट्टीचे भावंड, पण त्याची नळी सुरुवातीपासून रुंदावत जाते, म्हणून मऊपणा त्याच्या अंगातच असतो. आर्ट फार्मर आणि केनी व्हीलर या जॅझवादकांनी त्यालाच आपले प्रमुख वाद्य केले. मेरठच्या जली कोठी भागात बनणारी बँडची ट्रम्पेटे स्वस्त पडतात आणि मिरवणुकीत टिकतात. हळू वाजवताना मात्र व्हॉल्व्हमधली थोडीशी गळतीही जाणवते.

म्यूटबद्दल, म्हणजे आवाज दबावा म्हणून बेलमध्ये बसवायच्या बुचाबद्दल, एक इशारा. शेजाऱ्यांसाठी वापरला जाणारा सरावाचा म्यूट बेल जवळजवळ बंद करतो. हवा अडते, ओठांवर उलटा दाब येतो, वादक नकळत जोर लावतो. महिनाभर फक्त म्यूट लावून सराव केलेल्या मुलाचा उघडा आवाज ऐकला की नुकसान कळते. दिवसातून अर्धा तास तरी उघडे वाजवावे आणि सोसायटीत आधी बोलून वेळ ठरवून घ्यावी. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खुल्या ट्रम्पेटचा पूर्ण आवाज जवळून १०० डेसिबलच्या पुढे सहज जातो. खरा हवेचा टोन बंद दाराबाहेर जेमतेम पोचतो. तिथवर पोचायलाच महिने लागतात, ही अडचण.

हा स्वर मायक्रोफोनचे अपत्य आहे. १९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी वादकांना एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवावे लागे आणि त्यात फुंकेची सळसळ उमटण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडेही तसेच झाले. बिनमाइकच्या नाटकगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारा गायकनट होता. माइक आणि रेडिओ आल्यावर भावगीताचा हळुवार गळा शक्य झाला. जॅझमध्ये माइल्स डेव्हिस (१९२६–९१) याने १९५०च्या दशकाच्या मध्यापासून हार्मन म्यूट या धातूच्या म्यूटची मधली नळी काढून टाकली आणि म्यूट माइकला जवळजवळ चिकटवून वाजवले. तो आवाज बारीक आणि धारदार आहे. सळसळता नव्हे, पण जवळिकीची कल्पना तीच. चेट बेकर (१९२९–८८) उघड्या ट्रम्पेटवर, कंपन जवळपास न देता, स्वतः गात असल्यासारखा वाजवी. तो गायकही होताच. १९६६ मध्ये झालेल्या मारहाणीत त्याचे दात गेले आणि कवळी लावून त्याला ओठांची ठेवण नव्याने शिकावी लागली. पुढच्या काळातल्या त्याच्या वादनात हवा अधिक ऐकू येते. नॉर्वेचा आर्वे हेन्रिक्सन (जन्म १९६८) तर ट्रम्पेट जपानी शाकुहाची बासरीच्या इतके जवळ नेतो, की वाद्य ओळखायला क्षणभर थांबावे लागते.

मराठी कानाला सर्वांत ओळखीचा वाटेल तो जॉन हॅसल (१९३७–२०२१). हा अमेरिकन वादक १९७०च्या दशकात किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकला आणि गळ्यातली मींड ओठांवर आणायच्या मागे लागला. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांमुळे किराण्याचा स्वरलगाव महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे : स्वर हळूच लावायचा, रेंगाळायचा, मग पुढे सरकायचे. हॅसलने इलेक्ट्रॉनिक्सची जोड दिली तरी त्याच्या लांब, सळसळत्या स्वरांमागे ही चाल कळते.

मुंबईच्या ट्रम्पेटची परंपरा मात्र वेगळी. गोव्याहून आलेला चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ (१९१६–६७), लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजवी, आणि हॉटेलांतून सिनेमाच्या वाद्यवृंदात गेलेला आवाज हाच, भरदार आणि उजळ. ठाणे-नवी मुंबईकडे ट्रम्पेट पोचले ते मिरवणुकीतून. ठाण्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठीभाषक ख्रिस्ती, समाजाच्या लग्नांत, चेंदणी कोळीवाड्यात, तिकडे नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, करावे या गावांतल्या हळदीला ब्रास बँड लागतो. त्यात रात्रभर उभे राहून वाजवणाऱ्याचा दमसास आणि कानावरची पकड पुस्तकी विद्यार्थ्याला हेवा वाटावा अशी असते. त्याने कपाटासमोर महिनाभर बसायचे मनावर घेतले, तर हा टोन त्याला इतरांपेक्षा लवकर सापडतो, कारण काढून टाकायला त्याच्याजवळ आधी भरपूर आवाज असतो.

मंचावर सगळे माइकवर ठरते. हळदीला सरावलेला साउंडवाला माइक हातभर लांब ठेवतो. इथे तो बेलपासून चार बोटांवर हवा आणि वादकाने जोर न वाढवण्याचे पथ्य पाळायला हवे. एका दिशेने ऐकणारा माइक इतका जवळ आला की खालचे स्वरांश फुगवतो, आवाजाला घुमारा येतो. वातानुकूलित नाट्यगृहात वाद्य गार पडून उतरते. नळीतल्या हवेचे तापमान एका अंशाने खाली आले तर स्वर सुमारे तीन सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभरातल्या तीन भागांनी उतरतो. हळू फुंकेने ते तापतही नाही, म्हणून विंगेत उभे असताना वाद्यात अधूनमधून नुसती ऊबदार हवा सोडत राहावे. जवळच्या माइकमध्ये नको ते आवाजही येतात : तेल न घातलेल्या व्हॉल्व्हची खटखट आणि, विशेषतः पावसाळ्यात, नळीत साचलेल्या पाण्याची गुळगुळ. ती ऐकू आली की खालची कळ दाबून फुंकायचे. जमिनीवर पडते ती थुंकी नसून श्वासातली वाफ थंड होऊन झालेले पाणी असते, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.