पारिस्थितिकीय अनुक्रमण

एखाद्या जागेवरचा सजीवांचा समुदाय काळाच्या ओघात बदलत जातो आणि त्याची जागा दुसरा समुदाय घेतो, या प्रक्रियेला पारिस्थितिकीय अनुक्रमण म्हणतात. पडीक शेतात आधी तण, मग झुडपे, मग झाडे येतात. उथळ तळे गाळाने भरत जाऊन त्याची दलदल होते. ऋतूंप्रमाणे फुलणे-सुकणे यात मोडत नाही, कारण वर्ष फिरले की ते चक्र पुन्हा पहिल्या जागी येते. अनुक्रमणात जातीच बदलतात, आणि त्यांच्याबरोबर माती, सावली आणि ओलही बदलते.

लाव्हाच्या ताज्या थरावर किंवा हिमनदी मागे सरल्यावर उघड्या पडलेल्या दगडगोट्यांवर, म्हणजे माती नावाची वस्तूच नसलेल्या ठिकाणी जे सुरू होते ते प्राथमिक अनुक्रमण. वणवा, पूर, नांगर किंवा कुऱ्हाड यांनी झाडोरा गेला पण माती शिल्लक राहिली, तर दुय्यम. मातीत बिया, कंद, मुळांचे तुकडे, बुरशीचे धागे आणि जिवाणू दबा धरून बसलेले असतात. म्हणून दुय्यम अनुक्रमणात रान काही दशकांत उभे राहू शकते, तर प्राथमिक अनुक्रमणाला शतकेही लागतात.

दुय्यम अनुक्रमणाचा एक जुना आणि सुंदर प्रयोग इंग्लंडमधील रॉदमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात आहे. तिथल्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गहू घेतला जातो. १८८२ मध्ये या शेताच्या टोकाचा सुमारे अर्धा एकर तुकडा कापणी न करता कुंपण घालून सोडून दिला. चार वर्षांत तिथे गव्हाची मोजकी खुरटी रोपे तेवढी उरली. हजारो वर्षे माणसाने जोपासलेले पीक तणांपुढे चार वर्षांतच हरले. पुढे त्या तुकड्यावर वृक्षराजी उभी राहिली. मात्र त्याच्याच एका भागातली उगवणारी झाडेझुडपे वेळोवेळी काढून टाकली जात, तिथे वन झाले नाही. दुसऱ्या एका भागात १९५७ पासून मेंढ्या चरायला सोडल्या, तिथे बुटक्या गवताची हिरवळ झाली. माती तीच, हवा तीच, तरी तीन निरनिराळे समुदाय.

प्राथमिक अनुक्रमणाचे पाठ्यपुस्तकी चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे: उघडा खडक, त्यावर दगडफूल, मग शेवाळी, मग गवत, झुडपे आणि वृक्ष. कठीण खडकावर हे बरेचसे खरे आहे, पण त्याला नियम समजणे चूक ठरेल. आइसलँडजवळच्या समुद्रात नोव्हेंबर १९६३ मध्ये उद्रेक सुरू होऊन सुर्त्सी हे बेट जन्मले. तिथे १९६५ मध्ये, म्हणजे उद्रेक चालू असतानाच, पहिली वनस्पती दिसली ती किनाऱ्यावर वाढणारी फुलझाडाची जात होती. शेवाळी १९६७ मध्ये आणि दगडफूल १९७० मध्ये आले. म्हणजे क्रम नेमका उलटा. बी लाटांवर तरंगत आले, सुट्या राखेत-वाळूत अडकले आणि रुजले, एवढेच. १९८० च्या दशकात बेटावर कुरव पक्ष्यांची वसाहत झाली. त्यांच्या विष्ठेने नायट्रोजन पुरवला आणि वनस्पतींच्या जाती झपाट्याने वाढल्या. (एकदा टोमॅटोचे रोपही उगवले होते. ते कोणा अभ्यागताच्या पोटातून आलेले निघाल्यामुळे उपटून टाकण्यात आले.)

वनस्पतीच आधी येतात, हाही असाच एक समज. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटावरच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने तिथले जीवन पुसले गेले. पुढच्या वर्षी पोहोचलेल्या पथकाला तिथे एकच प्राणी आढळला: जाळे विणत बसलेला एक अगदी बारीक कोळी. बारीक कोळी रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याने दूरवर वाहत जातात.

अनुक्रमणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आला. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कौल्स यांनी १८९९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवरील वनस्पतींचे वर्णन केले. पाण्यालगतच्या टेकड्या सर्वांत तरुण, आतल्या अधिक जुन्या. त्यामुळे किनाऱ्यापासून आत चालत जाणे म्हणजे काळात पुढे चालत जाणे, अशी त्यांची मांडणी. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये याला भव्य सिद्धांताचे रूप दिले. त्यांच्या मते समुदाय हा जणू एक महाजीव आहे. तो जन्मतो, वाढतो आणि हवामानाने ठरवलेल्या एकाच प्रौढावस्थेला, चरम समुदायाला, पोहोचतो. हेन्री ग्लिसन यांना हे मान्य नव्हते. प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे आणि योगायोगाने येते, समुदाय म्हणजे त्या वेळी जमलेला मेळा, असे त्यांचे म्हणणे. ते त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही. आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये ‘परिसंस्था’ (सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर मिळून होणारी व्यवस्था) ही संज्ञा मांडली तीही महाजीवाच्या कल्पनेवर टीका करताना. आजचा कल ग्लिसन यांच्याकडे अधिक झुकतो. चरम समुदाय हा शब्द अजून वापरात आहे, पण अंतिम आणि अचल अवस्था या अर्थाने क्वचितच.

एक जाती दुसरीला जागा का देते? जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर यांनी १९७७ मध्ये तीन शक्यता मांडल्या. पहिली साहाय्याची: आधी आलेली जाती पुढच्यांसाठी जमीन तयार करते. अलास्कातील ग्लेशियर बे या हिमनदी मागे सरत गेलेल्या उपसागराकाठी आल्डर या झाडाच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात आणि पुढे स्प्रूसची सूचिपर्णी झाडे येतात. दुसरी सहनशीलतेची: नंतरच्या जातींना कोणाची मदत लागत नाही, त्या सावलीत तग धरतात आणि सावकाश वर येतात. तिसरी अटकावाची: आधी आलेला जागा अडवून बसतो आणि तो मरेपर्यंत किंवा उखडला जाईपर्यंत दुसऱ्याला शिरकाव मिळत नाही. प्रत्यक्षात तिन्ही एकाच ठिकाणी चालू असतात. आल्डरच पाहा: नायट्रोजन देतो खरा, पण त्याच्या दाट जाळीत स्प्रूसची कोवळी रोपे गुदमरतातही.

ग्लेशियर बेने संशोधकांना आणखी एक धडा दिला. हिमनदी कोणत्या वर्षी कुठवर होती हे ठाऊक असल्याने वेगवेगळ्या वयाच्या जागा ओळीने पाहून अनुक्रमणाची गोष्ट रचता येई. पण झाडांच्या वाढीची वलये तपासल्यावर कळले की सर्वांत जुन्या जागा आल्डरच्या दाट जाळीच्या टप्प्यातून गेल्याच नव्हत्या. आजची तरुण जागा म्हणजे जुन्या जागेचे बालपण, हे गृहीत नेहमी खरे नसते.

मे १९८० मध्ये अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सचा स्फोट झाला. सारे भस्मसात वाटले, तरी बर्फाखाली दबलेली रोपे आणि बिळांतले गोफर हे उंदरासारखे प्राणी वाचले. गोफरांनी उकरून काढलेली जुनी माती राखेवर आली. काय वाचले यावर पुढचा वेग ठरला.

उजाड जमिनीवर पुन्हा वन उभे करताना याच गोष्टी पाहाव्या लागतात. जवळ बियांचा साठा असेल, तर कुंपण घालून जागा मोकळी सोडणे कित्येकदा पुरते. उष्ण प्रदेशांतील सोडून दिलेल्या कुरणांत मात्र दाट गवत वर्षानुवर्षे वाट अडवून राहते. अशा ठिकाणी पक्ष्यांना बसायला उंच खांब रोवले की त्यांच्या विष्ठेतून पडणाऱ्या बिया वाढतात; पण त्या रुजायच्या तर आधी गवत हटवावे लागते.