एका ट्रम्पेटमागे अनेक हात

‘पूर्वी एकच उस्ताद कारागीर अख्खा ट्रम्पेट घडवायचा, म्हणून जुनी वाद्यं गोड वाजतात.’ जुन्या वाद्यांच्या शौकिनांकडून हे हमखास ऐकायला मिळतं. छोट्या कार्यशाळांत तसं होतही असेल, पण कारखान्यांत नव्हतं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टचा कॉन हा वाद्यांचा कारखाना घ्या. तिथे कामाची वाटणी होती, आणि 1915 मध्ये कार्ल ग्रीनलीफ यांनी तो विकत घेतल्यावर यंत्रंही वाढली.

म्हणून कसब कमी होतं असं मुळीच नाही. बेल, म्हणजे वाद्याचं पसरट तोंड, पितळी पत्र्यातून निघे. पत्रा बेतून कापायचा, गुंडाळायचा, कडा झाळून सांधा ठोकत ठोकत सपाट करायचा. ठोकून पितळ कडक होतं, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करायचं. मग पोलादी साच्यावर, लेथवर फिरवत आकार. ताव चुकला की पत्रा तडकलाच! नळी वाकवताना चेपू नये म्हणून आत राळ किंवा शिसं ओतत, नंतर वितळवून काढत.

रोज तेच काम करून हात असा काही बसायचा की बोटांनाच जाडी कळावी. श्रेय द्यायचं तर या सगळ्या अनाम हातांना द्यायला हवं.