साउथवेस्टच्या विमानात जागा धरायला बंदी होती?

अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीच्या विमानात सीट नंबर नसायचे; ए, बी, सी गटातल्या आपल्या क्रमांकानं चढायचं आणि रिकामी सीट पकडायची. तिथे घरच्यांसाठी शेजारची सीट धरणं नियमाबाहेर होतं, असं अजूनही छातीठोकपणे सांगतात. तसं काही नव्हतं. कंपनीनं ना परवानगी दिली होती, ना मनाई. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखा सगळा भिडेचा मामला. ए-१६ वाल्यानं सी-४० वाल्या बायकोसाठी मधल्या सीटवर जॅकेट टाकलं, तर केबिन क्रू बहुधा काणाडोळा करायचा. (पुढच्या रांगांत असं करणं आगाऊपणाच, पण तो वेगळा मुद्दा.) प्रीबोर्डिंग, म्हणजे सगळ्यांआधी चढणं, मात्र अपंगत्वामुळे मदत लागणाऱ्यांसाठी होतं, आधी चढले तरी आपत्कालीन दाराजवळची रांग त्यांना मिळत नसे. लहान मुलांचे आईबाप ए गटानंतर. २७ जानेवारी २०२६ पासून तिथे सीट नंबर आधीच ठरतो.