फेणीवरचा आळ आणि तारकापेशी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' दिसलं की गोव्यात पहिला प्रश्न ठरलेला: घेता किती? उत्तर 'थेंबही नाही' असेल तर विचारणारा गालात हसतो. काजूच्या हंगामात तर विचारूच नका.

हा अविश्वास फक्त आपल्याकडचा नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांची नोंद केली. यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली दारू पिणाऱ्याचा वाटावा असा: चरबी, फुगलेल्या पेशी, दाह, व्रणाचे धागे. पण ही माणसं पिणारी नव्हती. बहुतेक जण स्थूल होते, अनेकांना मधुमेह होता. लुडविग यांनी या आजाराला 'नॅश' (नॉन-अल्कोहोलिक स्टीॲटोहेपॅटायटिस, म्हणजे दारूशिवाय होणारा चरबीसह यकृतदाह) हे नाव दिलं.

धागे विणतं कोण, हे कोडं त्याहून जुनं. १८७६ मध्ये जर्मन शरीररचनातज्ज्ञ कुप्फर यांनी सोन्याचा क्षार वापरून यकृतात ताऱ्यासारख्या पेशी पाहिल्या. पुढे त्यांनीच त्या पेशींची गल्लत रक्तवाहिन्यांतल्या भक्षक पेशींशी केली आणि 'कुप्फर पेशी' हे नाव भलत्यांनाच चिकटलं. १९५१ मध्ये जपानचे इतो यांना चरबी साठवणाऱ्या पेशी दिसल्या. या आणि कुप्फर यांच्या मूळ तारकापेशी एकच, हे १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी दाखवलं. हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली!

गंमत म्हणजे ही तारकापेशी स्वभावाने गरीब. शरीरातल्या 'अ' जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा तीच सांभाळते. पण यकृताच्या पेशींत चरबी मावेनाशी झाली की त्या फुगतात, काही मरतात. त्यांचे अवशेष पाहून कुप्फर पेशी खवळतात, रक्तातून आणखी दाहक पेशी बोलावतात आणि टीजीएफ-बीटा नावाचं रसायन सोडतात. मग तारकापेशी आपला साठा टाकून कोलॅजन, म्हणजे व्रणाचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन, ओतू लागते. जखम भरायचंच काम हे, फक्त थांबायची खूण मिळत नाही.

हा आजार कसा वाढतो, यावर १९९८ मध्ये डे आणि जेम्स या संशोधकांनी 'दोन तडाखे' मांडले: आधी चरबी, मग दुसरा घाव. २०१० मध्ये टिल्ग आणि मोशेन म्हणाले, घाव एकापाठोपाठ नाही, एकाच वेळी अनेक बाजूंनी पडतात. आतडं आणि पोटावरची चरबीही त्यात आली. २०२३ मध्ये आजाराच्या नावातून 'नॉन-अल्कोहोलिक' गेलं, चयापचय आला. त्याच वर्षी आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत गोव्यातल्या मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, देशात सर्वाधिक निघालं. तेव्हा एकट्या फेणीला किती बोल लावायचा?

कारण दूर झालं तर काही तारकापेशी मरतात, काही पुन्हा शांत होतात आणि धागे काही अंशी विरघळतात. रिपोर्टवरचा 'ग्रेड १' मात्र चरबीचा असतो. व्रणाबद्दल तो काहीच सांगत नाही. त्याचा अंदाज घ्यायला फायब्रोस्कॅनसारखी, यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी लागते.