क्ले टार्गेट, थ्रोअर आणि वैतागलेले शेजारी: थोडी पार्श्वभूमी

क्ले टार्गेट म्हणजे ती नारिंगी चकती, ऑलिम्पिकमध्ये खड्ड्यातून सुसाट वर येते आणि बार झाला की धुरळा होऊन पडते ती. परदेशातल्या साईट्सवर या चकत्यांचा बॉक्स आणि फेकायचा थ्रोअर असा सेट सरळ कार्टमध्ये टाकता येतो, आणि तिकडचे व्हिडिओ बघून बघून घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसालाही वाटायला लागतं की मुरबाडला आपला प्लॉट पडलाच आहे, शनिवार-रविवार तिथे मशीन लावू आणि चारपाच जण जाऊ. वाटणं साहजिक आहे. पण या चकतीचा इतिहास काढून बघा, जवळपास प्रत्येक बदलामागे एकच गोष्ट दिसते, कधी पक्षी संपले, कधी जागा संपली, नाहीतर शेजारचा कोणीतरी वैतागला. आणि या बाबतीत ठाणे-नवी मुंबईकरांना कोणी काही नवीन शिकवायला नको.

सुरुवात इंग्लंडमध्ये, अठराव्या शतकाच्या शेवटी. १७९३ च्या सुमाराच्या नोंदी सापडतात. तेव्हा चकती वगैरे काही नव्हतं, खरी जिवंत कबुतरं असायची. जमिनीवरच्या छोट्या पेटीत कबुतर ठेवायचं, झाकणाला दोरी बांधायची, शूटर तयार झाला की मागचा माणूस दोरी ओढणार, कबुतर उडणार आणि हा बार काढणार. लंडनजवळ ईलिंगला तर कबुतरं जुन्या टोप्यांखाली ठेवायचे म्हणे, तिथल्या पबचं नावच ओल्ड हॅट्स होतं. आपल्याकडे एसीच्या युनिटवर घाण करणाऱ्या कबुतरांना वैतागलेली मंडळी हे वाचून खूश होतील, पण तो प्रकार बऱ्यापैकी क्रूर होता. त्यात पैसा लागायचा, पैजा लागायच्या. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येसुद्धा जिवंत कबुतरांवर शूटिंग झालं, बेल्जियमचा लिऑन द लुंडेन २१ पक्षी मारून जिंकला, आणि त्यानंतर ऑलिम्पिकच्या मैदानावर पक्षी मारायचा प्रकार परत काही झाला नाही. इंग्लंडने १९२१ मध्ये कायदाच करून पकडलेले पक्षी सोडून मारायला बंदी घातली.

पण कायद्याच्या खूप आधीच अमेरिकेत दुसरा प्रॉब्लेम आला होता. तिकडे पॅसेंजर पिजन नावाचं रानकबूतर होतं, आभाळ झाकून जाईल एवढे थवे असायचे, आणि खाण्यासाठी आणि या स्पर्धांसाठी ते इतके मारले की जातच संपली. शेवटचं कबूतर, मार्था, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या झूमध्ये मेलं. हे शहराचं नाव लक्षात ठेवा, लगेच परत येणार आहे.

पक्षी महाग झाले, मिळेनात, वर लोक ओरडायला लागले, म्हणून १८६६ च्या आसपास बॉस्टनच्या चार्ल्स पोर्टलॉकने काचेचे पोकळ गोळे आणले. सुरुवातीचे थ्रोअर एवढे हळू फेकायचे की शूटरला मजाच येईना. मग ॲडम बोगार्डस नावाच्या नामांकित नेमबाजाने १८७७ मध्ये स्वतःच जोरदार स्प्रिंगची मशीन काढून पेटंट घेतलं. छर्रे गुळगुळीत काचेवरून घसरून जायचे म्हणून त्याने गोळ्याच्या अंगावर रेघाही काढल्या. काहीजण तर आत पिसं भरायचे, म्हणजे फुटल्यावर पक्षी मारल्यासारखं दिसावं. आता विचार करा, मैदानभर काचेचा चुरा. ज्याच्या शेतात हे चालायचं त्याची गुरं, त्याचे पाय, सगळंच आलं.

यावर तोडगा काढला जॉर्ज लिगोव्स्कीने, आणि हा माणूस त्याच सिनसिनाटीचा. गोष्ट अशी सांगतात की काही पोरं पाण्यावर शिंपले तिरके फेकत होती, आपण उपवनला नाहीतर मासुंदा तलावावर चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढायचो तसं, आणि ते बघून त्याच्या डोक्यात आलं की गोल गोळ्यापेक्षा चपटी, फिरती वस्तू हवेत जास्त पक्ष्यासारखी जाते. १८८० मध्ये त्याने भाजलेल्या मातीच्या चकतीचं आणि ती फेकणाऱ्या मशीनचं काम पुढे नेलं. आयडिया एक नंबर, माल मात्र भट्टीत जरा जास्तच पक्का झालेला, छर्रे लागले तरी चकती नुसती टण् वाजायची आणि अख्खी खाली यायची. तरी मार्केटिंग जोरात होतं, १८८३ मध्ये बोगार्डस आणि दुसरा नामांकित नेमबाज डॉक कार्व्हर यांच्यात याच चकत्यांवर वेगवेगळ्या शहरांत मॅचेसची सिरीज लावली, कार्व्हरने ती आरामात मारली, आणि चकती सगळ्यांना माहीत झाली.

मग पुढच्या काही वर्षांत माती गेलीच. चुनखडीची पूड आणि डांबराच्या जातीतला पिच, साधारण दोन भाग पूड आणि एक भाग पिच, गरम करून साच्यात दाबायचं. आजही बेसिक फॉर्म्युला हाच आहे, म्हणजे क्ले टार्गेटमध्ये क्ले नसते. यात खरी कारागिरी आहे ती म्हणजे चकती मशीनच्या झटक्याने फुटता कामा नये पण दोनचार बारीक छर्रे लागले तरी फुटली पाहिजे. आंतरराष्ट्रीय साईझ ११० मिलिमीटर व्यासाची, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास, अमेरिकन चकती त्याहून किंचित लहान, १०८ मिलिमीटरची. मधला घुमटासारखा भाग आणि कडेच्या कड्या शोभेला नाहीत, त्यांच्यामुळे ती हवेत तरंगते आणि ताकद धरते. थ्रोअरच्या दांड्याला रबराची पट्टी असते, चकती सुटताना त्या पट्टीवरून घरंगळत जाते म्हणून तिला गरगर फिरकी मिळते, आणि फिरकी असेल तरच ती सरळ जाते, नाहीतर डुलत डुलत पडते. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवल्या तर पिच मऊ पडून एकमेकींना चिकटतात. म्हणजे मे महिन्यात पनवेल-कर्जत साईडला काय होईल ते बघा.

थ्रोअरचेही प्रकार झाले. सगळ्यात साधा म्हणजे हातात धरायचा प्लास्टिकचा लांब दांडा, टोकाला चकती अडकवून हात फिरवायचा. त्याच्या वरचा म्हणजे स्प्रिंगवाला, हाताने ताणून ठेवायचा आणि दोरीने किंवा पायाने सोडायचा. आणि मग १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ऑटोमॅटिक, ज्यात चकत्यांची चळत आपोआप एकेक खाली येते. ताणलेल्या स्प्रिंगच्या दांड्यासमोर हात गेला तर हाडच मोडतं, हे मात्र व्हिडिओत कोणी दाखवत नाही. ऑलिम्पिक ट्रॅप, म्हणजे खड्ड्यातून समोर लांब जाणाऱ्या चकत्या मारायचा प्रकार, त्याला खड्ड्यात १५ मशीन्स असतात आणि शूटर ओरडला की मायक्रोफोनवरून चकती सुटते, कुठून सुटेल ते त्याला माहीत नसतं, ७६ मीटरच्या आसपास लांब जाईल अशी सेटिंग आणि सुटताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस नावाचा माणूस कुत्र्यांचं केनेल चालवायचा, शिकारीचा नाद होता, सीझन नसताना हात चालू राहावा म्हणून त्याने १९२० च्या सुमारास घराच्या आवारातच एक खेळ काढला. घड्याळाच्या आकड्यांसारखं मोठं वर्तुळ, बाराच्या जागी एक थ्रोअर, आणि प्रत्येक आकड्यावर उभं राहून बार काढायचे, म्हणजे चकती समोरून, मागून, आडवी, सगळ्या कोनांतून मिळते. मस्त चाललं होतं. मग शेजारच्या जमिनीवर एकाने कोंबड्यांचा फार्म टाकला. छर्रे जाऊन पडणार कोंबड्यांवर! भांडण करण्याऐवजी यांनी वर्तुळ अर्धं कापलं, सहाच्या जागी दुसरी मशीन ठेवली आणि अर्ध्या वर्तुळातून दोन्ही बाजूंच्या चकत्या मारायच्या असं केलं. त्याच ग्रुपमधल्या विल्यम हार्नडन फोस्टरने १९२६ मध्ये मासिकातून तो खेळ देशभर नेला, आणि आज ऑलिम्पिकमध्ये जे स्कीट आहे, १९६८ च्या मेक्सिकोपासून, ते हेच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानातल्या गनर्सना उडत्या टार्गेटच्या किती पुढे नेम धरायचा हे शिकवायला स्कीटच वापरलं. घरच्या प्रॅक्टिससाठी काढलेला आणि कोंबड्यांमुळे अर्धा झालेला खेळ, तो एवढा पुढे गेला.

पण डेव्हिसचं घर म्हणजे आपल्या डोक्यातलं घर नव्हे हो. साधे साडेसात नंबरचे छर्रेसुद्धा दोनशे मीटरच्या पुढेमागे जाऊन पडतात, म्हणून रेंजवाले समोर त्याहून बरीच मोकळी जागा सोडतात जिथे माणूस, गुरं, रस्ता काहीही नको. मुरबाडचा पाच गुंठ्यांचा प्लॉट यात कुठे बसणार? एक बार पलीकडच्या दहा जणांच्या प्लॉटवरून जाणार.

आणि भारतात मुळात हा घरच्या आवारातला खेळ झालाच नाही, कारण बंदूकच वेगळ्या रस्त्याने आली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात आर्म्स ॲक्ट आला आणि सामान्य माणसाच्या हातून हत्यार गेलं. राहिली ती संस्थानिकांकडे, साहेब लोकांकडे, आणि कोकणात पीक राखायला परवाना काढून ठेवलेली ठासणीची नाहीतर सिंगल बार, ती पण डुकरांसाठी, चकतीसाठी नव्हे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गदा आली. त्यामुळे चकतीचा खेळ आपल्याकडे वाढला तो राजघराणी, आर्मी आणि उत्तरेकडची मोठ्या जमिनींची घरं यांच्यात. बिकानेरचे महाराजा करणी सिंग १९६२ ला कैरोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ट्रॅपला पहिल्या जागेसाठी टाय झाले आणि शूटऑफनंतर सिल्व्हर घेऊन आले, पाच ऑलिम्पिक खेळले, दिल्लीतल्या तुघलकाबादच्या रेंजला त्यांचंच नाव आहे. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंग राठोड, तेव्हा आर्मीत मेजर, त्यांनी डबल ट्रॅपमध्ये, म्हणजे एकदम दोन चकत्या सुटतात त्या प्रकारात, सिल्व्हर काढलं, २००६ ला मानवजितसिंग संधू ट्रॅपचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. डबल ट्रॅप तर रिओनंतर ऑलिम्पिकमधून काढूनच टाकला.

महाराष्ट्राचं चित्र उलटं आहे, आणि माझ्या मते कारण जागाच. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे, एकही चकतीवाला नाही, सगळे रायफल-पिस्तुलवाले. दहा मीटरची एअर रायफल एखाद्या हॉलमध्ये बसते, पेलेट समोरच अडतं, शेजाऱ्याला आवाजही जात नाही. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य क्लब, असं जे आपल्याला लोकलने जाता येण्यासारखं आहे ते या प्रकारचं. गंमत म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, आपलाच मराठी माणूस, आणि नॅशनल्सच्या आधीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची.

कायद्याचं सांगायचं तर चकती आणि थ्रोअर ही हत्यारं नाहीत, चुनखडी आणि स्प्रिंग आहे नुसती. अडतं ते बारा बोअरपाशी, म्हणजे चकतीवर छर्रे मारणाऱ्या बंदुकीपाशी. तिला १९५९ चा आर्म्स ॲक्ट आणि २०१६ चे रूल्स लागतात, परवाना ठाणे किंवा नवी मुंबई पोलीस आयुक्तालयातून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. परवाना आहे म्हणून कुठेही बार काढता येतो असंही नाही, त्याच दुरुस्तीत निष्काळजी किंवा जल्लोषातल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आलंय. येऊरच्या बंगल्याचा विचार असेल तर तो आधीच सोडा, ते नॅशनल पार्कच्या अंगाला आहे आणि पार्कात परवानगीशिवाय हत्यार नेणंच गुन्हा आहे, कर्नाळ्याचंही तेच. काहीजण म्हणतात मग एअरगनने चकती मारू, पॉइंट १७७ ला परवाना नाही लागत. अरे पण एकच पेलेट, वर आकाशात, चुकलं तर कुठे उतरेल? तो प्रकार बारा बोअरपेक्षा स्वस्त आहे, शहाणपणाचा नाही.

शिवाय कचरा. एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं, स्कीटचा एक राऊंड २५ चकत्यांचा, म्हणजे एका माणसामागे ६०० ग्रॅम शिसं जमिनीत. ट्रॅपला एका चकतीवर दोन बार चालतात, तिथे दुप्पटही होऊ शकतं. पाणथळ जागेत बदकं खडे समजून छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये बदकांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले, युरोपने २०२३ मध्ये पाणथळ जागांवर बंदी आणली. पिचचे तुकडे खाऊन डुकरं मेल्याच्याही नोंदी आहेत, त्यामुळे आता पिच नसलेल्या चकत्या निघाल्यात. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, तिच्या आसपास कोणी चार बॉक्स उडवले तर काय काय गोळा होईल?

ज्याच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे आणि नॅशनल्सचं डोक्यात आहे, असा माणूस सराव करतो तो पण घरातच, फक्त थ्रोअरशिवाय. बंदूक दोनदा उघडून रिकामी बघायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, नळीत बसेल एवढा छोटा टॉर्च घालायचा, आणि भिंत आणि छत जुळतात त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका न डुलवता नेत नेत दस्ता गालाला लावायचा. पडदे ओढून घ्यायचे मात्र, समोरच्या विंगमधून कोणी बघितलं तर सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत फोटो येईल.