कॉम्प्रेशन कुणासाठी, कानासाठी की तारेसाठी?

रविवारी सकाळी भाचा लॅपटॉप घेऊन आमच्या रामबागेतल्या घरी आला. प्रोजेक्टचं नाव भारदस्त: डीएसपीवर (आवाजाचं गणित करणाऱ्या चिपवर) ॲडॅप्टिव्ह स्पीच कॉम्प्रेशन, म्हणजे बोलण्याप्रमाणे स्वतःला बदलत आवाज दाबणं. "मामा, आवाज मस्त येतोय, पण फाइल तेवढीच राहतेय. एक केबी कमी होईल तर शपथ!"

कोड उघडला. ॲटॅक (आवाज वाढल्यावर दाबायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद, रिलीज (तो उतरल्यावर सोडायला लागणारा) १००, रेशो (किती दाबायचं) २:१. पोह्यांची बशी बाजूला ठेवून मी हसत सुटलो. सरांनी मागितला होता टेलिफोनचा कोडेक, म्हणजे आवाज कमी बिटांत पाठवून पलीकडे उलगडणारा, आणि यानं बनवलं होतं आजीच्या कानातलं यंत्र.

दोघांचं नाव एकच, दोन्ही ॲडॅप्टिव्ह, दोन्ही त्याच चिपवर चालतात. घोटाळा व्हायचाच.

माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला, हळू बोललेलं ऐकू येत नाही, पण गल्लीत हॉर्न वाजला की ती कानावर हात ठेवते. म्हणजे ऐकू येण्याची पातळी वर सरकली, सोसण्याची होती तिथेच राहिली. मधल्या अरुंद जागेत सगळा आवाज बसवायचा. २:१ म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर आवाज १० डेसिबल वाढला, तर बाहेर ५ च वाढू द्यायचा. आत १६ बिटांचं सॅम्पल (आवाजाचं एका क्षणाचं माप), बाहेरही १६ बिटांचंच. फाइल कमी होईल कशी? शिवाय हे दाबलेलं पुन्हा कुणी उलगडत नाही, थेट कानात जातं. गणितात एखाद्या बिटाचा फरक पडला, तरी आईला काय कळणार!

कोडेकमध्ये मात्र पलीकडे उलगडणारा बसलेला असतो. सेकंदाला ८,००० सॅम्पल, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे १२८ किलोबिट. एडीपीसीएम नावाचं कोडेकचं तंत्र पुढच्या सॅम्पलचा अंदाज बांधतं आणि चुकलेला फरक तेवढा ४ बिटांत पाठवतं: ३२ किलोबिट. फरक मोजायची पायरी कधी मोठी, कधी लहान. आयएमए नावाच्या त्याच्या एका प्रकारात अशा ८९ पायऱ्या आहेत, ७ पासून ३२,७६७ पर्यंत. फरक किरकोळ असला की एक पायरी खाली. फारच मोठा निघाला की आठ वर. म्हणूनच शब्द एकदम सुरू झाला की पायरी झपाझप चढते. गंमत म्हणजे पायरी कितवी, हे कुणी कुणाला कळवत नाही. आलेल्या ४ बिटांच्या कोडवरून पलीकडचाही तीच शिडी चढतो-उतरतो.

भाच्यानं आठवड्याभरात हेही लिहिलं आणि तिथेच अडकला. डीएसपीवरचा एन्कोडर शिफ्ट करून (बिट सरकवून दोननं भागत) बेरीज करत होता, लॅपटॉपवरचा डीकोडर एकच गुणाकार. पायरी ७ आणि कोड ७ घ्या. शिफ्टनं प्रत्येक तुकड्याचा अपूर्णांक गळतो: ०, १, ३, ७ मिळून ११. गुणाकारानं ७ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे १३. दोनचा फरक! पण पुढचा अंदाज यावरच उभा, त्यामुळे चूक साचत जाते, पुढच्या ब्लॉकचा हेडर (खरी किंमत नव्यानं सांगणारी सुरुवात) येईपर्यंत. दोन्हीकडे शिफ्टच ठेवल्यावर खरखर गेली.

वेळेचं म्हणाल तर दोन्हींना प्रत्येक सॅम्पलमागे १२५ मायक्रोसेकंद मिळतात. आजच्या चिपला तेवढे रग्गड.

ए-लॉ या तिसऱ्या प्रकारच्या कॉम्प्रेशननं गोंधळ आणखी वाढतो. आपल्या टेलिफोनमधला तो जी.७११ या मानकातला, १९७२ चा. तो पातळीही दाबतो, बिटही वाचवतो आणि पलीकडे उलगडलाही जातो. पण त्याचा तक्ता ठरलेला, बदलत नाही. ॲडॅप्टिव्ह म्हणून खपवू नये.

भाच्याला जुना कोड टाकवेना. त्यानं तो कोडेकच्या आधी जोडला आणि आजीला हेडफोन लावले. बोलणं थांबलं की कॉम्प्रेसर (तो जुना कोड) गेन, म्हणजे आवाज किती मोठा करायचा ते प्रमाण, वाढवणार, आणि कोडेक बिचारा जे येईल ते इमानदारीनं पाठवणार. आजी दोन मिनिटं ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, आधी तो पंखा बंद कर."